कॉटवर दिवा नाही

जावक क्र. १
धायरी, पुणे
१२ जानेवारी २०२५

मैत्री, जय भीम.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. दोन वर्षं आठ महिने आपण बोललो नाही आणि आज पत्र लिहिते आहे, म्हणजे माझा राग गेला असा अर्थ काढू नकोस. काम आहे म्हणून लिहिते आहे. तू बेंगळुरूला लोकांच्या घरात दिवे कुठे लावायचे हे सांगायचा पगार घेतेस. त्यातलाच एक कागद मला तुझ्याकडून वाचून हवा आहे.

आपल्या घरात फॉल्स सीलिंग व्हायचं आहे. छत सहा इंच खाली येणार आणि त्यात गोल गोल दिवे बसणार. हॉलमध्ये दोन ट्यूब होत्या, त्यात बावीस वर्षं सगळ्यांना सगळं दिसलं. तुझी बारावी त्याच उजेडात झाली आणि मार्कही बरे पडले. पण चेतन म्हणतो, आता असंच करतात. सृष्टी म्हणते, "आई, घर एकदम वॉर्म वाटेल." पुण्यात एप्रिलमध्ये घर आपोआप वॉर्म वाटतं, त्याला कंत्राटदार लागत नाही. मी हे बोलले नाही. सुनेशी बोलताना मी निम्मं गिळते.

चेतनने टेबलावर नकाशा ठेवला होता. तो अंघोळीला गेला तेव्हा मी तो पाहून घेतला आणि वर पातळ कागद ठेवून गिरवूनही घेतला. सोबत जोडते आहे. नुसतं छत काढलं आहे, सामान कुठेच दाखवलेलं नाही. हॉलमध्ये आठ गोल, स्वयंपाकघरात सहा, त्यांच्या खोलीत पाच. माझ्या खोलीत तीन. एक दारापाशी, एक कपाटापुढे, एक खिडकीजवळ. ज्या भिंतीला माझी कॉट आहे तिथे काही नाही. कोरं. बाकीच्या खोल्यांना नावं आहेत, माझ्या खोलीवर 'रूम २' लिहिलं आहे.

तुला माहीत आहे, मी तेहतीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढली. कागदात काय लिहिलंय ते कोणीही वाचतं. काय लिहिलेलं नाही ते वाचायला आमच्यासारखी माणसं लागतात. ज्या घराच्या कागदावर म्हातारीची जागा नसते त्या घरात पुढे म्हातारीही नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा प्रश्न सरळ आहे. जिथे कोणी झोपणार आहे तिथे दिवा का नाही?

पत्र आज टाकणार नाही. आधी पुरावे जमवते. कागद पूर्ण झाले की सगळी पत्रं एकाच पाकिटात येतील. मधलं एखादं गहाळ झालं तर कळावं म्हणून जावक क्रमांक घातला आहे.

ललिता सीताराम शिरसाट


जावक क्र. २
१९ जानेवारी

मैत्री,

पुरावा दुसरा. काल जेवताना चेतन म्हणाला, "आई, काम सुरू झालं की तीन आठवडे नुसती धूळ असेल. तुझ्या थेंबांचंही चालू आहे. तू जरा बाहेर जाऊन ये." कसले थेंब ते तू विचारू नकोस, वयाप्रमाणे डॉक्टर काहीतरी देतात. मी विचारलं, "कुठे जाऊ?" तर ताटाकडे बघत म्हणतो, "मैत्रीकडे जा ना."

या घरात तुझं नाव काढायचं नाही असं मी सांगितलं होतं, आणि दोन वर्षं आठ महिने कोणी काढलं नव्हतं. आता एकदम निघालं. का निघालं? कारण मी तुझ्याकडे जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे आपण विचारल्यासारखंही झालं. मी म्हटलं, धूळ मला नवी नाही, मी रेकॉर्ड रूममध्ये काढली आहे नोकरी. सृष्टीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने सृष्टीकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

बी विंगमधल्या वेणूबाई तुला आठवत असतील, हळदीकुंकवाला आपल्यालाही बोलावणाऱ्या. त्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच काम निघालं. "धूळ आहे, आठ दिवस बार्शीला बहिणीकडे जा," म्हणून मुलाने गाडीत बसवून दिलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या खोलीत नातवाचं टेबल आणि गिटार होतं. आता त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपतात आणि पाहुणे उठेपर्यंत बसून राहतात. त्यांच्या मुलाने वाईट वागवलं असंही म्हणता येत नाही. अगदी गोड बोलतो.

आणखी एक. चेतन हल्ली फोन आला की गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. परवा मी तुळशीला... म्हणजे कुंडीला पाणी घालायला गेले, तर बोलत होता, "नाही, आईला आत्ताच सांगू नकोस. काम होऊ दे, मग बघू." मला पाहिल्यावर एकदम ऑफिसचं इंग्रजी सुरू केलं. कुठेतरी पाणी मुरतंय, मैत्री. आणि हे छत अजून झालेलंही नाही.

आता तू मनात म्हणत असशील, मी सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंस. फ्लॅट चेतनच्या नावावर बक्षीसपत्राने केला तेव्हा तू म्हणालीस, आई, निदान तुझा मरेपर्यंत राहण्याचा हक्क त्यात लिहून घे. मी ऑफिसच्या खिडकीवर बसून शेकडो बायकांना हेच सांगत आले. स्वतःच्या वेळेला लिहिलं नाही. पोटच्या पोराकडून असं लिहून घ्यायचं असतं का, असं वाटलं. यापुढचं मला आज लिहायचं नाही.

ललिता सीताराम शिरसाट


जावक क्र. ३
२ फेब्रुवारी

मैत्री,

काम सुरू झालं. घरभर पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा लटकला आहे. माझी कॉट प्लॅस्टिकने झाकली आहे आणि मी त्या प्लॅस्टिकवर बसून लिहिते आहे. मी हललेली नाही.

कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहू नये म्हणून गुरुवारी बसने मंडईला उतरले आणि चालत बुधवार पेठेत गेले. दिव्यांची चार दुकानं पाहिली. तीन दुकानांत पोरांनी "आंटी, बजेट काय?" म्हणून विचारलं, तिथून निघाले. चौथ्या दुकानात श्यामसुंदर म्हणून साठीचे गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, मला समजून घ्यायचं आहे. ते म्हणाले, "घ्या. घेणारे हल्ली कमी झालेत, सगळे विकतच घेतात." बरं वाटलं.

माणूस बोलका निघाला. आतल्या खोलीत त्यांनी छताचा एक तुकडा टांगला आहे, त्यात दिवे. एक लावला, पिवळसर. एक लावला, पांढरा. म्हणाले, हा तीन हजाराचा, हा सहा हजाराचा. मला वाटलं किंमत. तर तो रंगाचा आकडा. आकडा लहान तितका उजेड पिवळा, विश्रांतीचा. मोठा तितका पांढरा, कामाचा. ओट्यावर पांढरा चालेल, झोपायच्या खोलीत नको. मग वॅट. "दहा बाय बाराच्या खोलीला सात-सात वॅटचे तीन पुरतात. लोक दहा लावतात आणि मग चष्मा घालून टीव्ही बघतात." काही दिवे काठाशी सपाट बसतात, काही आत खोल बसतात. आत बसलेला महाग, पण डोळ्याला लागत नाही. खाली उजेड पडतो आणि दिवा मात्र दिसत नाही. भिंतीवर फोटो असेल तर त्याच्यापासून दोन-अडीच फूट अलीकडे, तोंड फिरणारा दिवा घ्यायचा, म्हणजे काचेवर चमक येत नाही. हे मी लक्षात ठेवलं, कारण हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर नकाशात तसाच एक गोल आहे. फोटोंना जागा दिली आहे, तिथे तक्रार नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "बाई, लोक वर बघून दिवे ठरवतात. चूक. दिवा वर असतो, पण ठरतो खाली. खाली काय आहे, कोण काय करणार आहे, ते आधी बघायचं. ओटा आहे तिथे दिवा. आरशासमोर दिवा. जिथे काही नाही तिथे उगाच भोक कशाला?"

मी विचारलं, "म्हणजे एखाद्या खोलीत एका बाजूला दिवाच नसेल, तर?"

"तर तिथे काही नसणार. मोकळी भिंत असेल. कोणाच्या घराचं आहे?"

मैत्रिणीच्या, म्हटलं. नकाशा पिशवीत होता, पण काढला नाही. आपल्या घरातली गोष्ट परक्या माणसासमोर कशाला मांडायची? आणि मला पाहिजे होतं ते उत्तर मिळालंच होतं. येताना त्यांच्याकडून एक दिवा घेतला. सपाट, बारा वॅट, पांढरा. ते म्हणाले, "एवढं ऐकूनसुद्धा हा?" मी म्हटलं, मला दिसण्याशी मतलब आहे.

बसमध्ये सबंध रस्ताभर एकच विचार येत होता. यांनी माझ्याशिवायचं घर काढून ठेवलं आहे आणि ते मला वरून दिसतं आहे. मला रडू आलं. शेजारच्या मुलीने खिडकीची जागा दिली, बिचारीला वाटलं गाडी लागली.

ललिता सीताराम शिरसाट


जावक क्र. ४
८ फेब्रुवारी

मैत्री,

मी दोन कामं केली आहेत. नोंद राहावी म्हणून लिहिते.

पहिलं. वायरमन दशरथ परवा भोकं पाडायला आला. चेतन आणि सृष्टी ऑफिसात. मी माझ्या कॉटवर, अगदी उशीच्या वर बोट दाखवलं आणि सांगितलं, इथे एक पाड. तो नकाशा बघायला लागला. "काकू, इथं प्लॅनमध्ये नाहीये." मी विचारलं, "घर कोणाचं आहे?" तो म्हणाला, "तुमचंच की." एवढं सरळ उत्तर मला या घरात कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. मी पिशवीतून दिवा काढून दिला आणि म्हटलं, हाच लावायचा, आणि चेतनला सांगायची गरज नाही. त्याने डोकं खाजवलं, बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला, परत आला आणि भोक पाडलं. शेजारच्या दिव्यातून वायर ओढली. माझ्या कॉटवर आता दिवा आहे. उद्या कोणी म्हणालं की इथे कोणी झोपत नव्हतं, तर छत साक्ष देईल.

दुसरं. आमच्या ऑफिसातले हिंदुराव आठवतात? निवृत्तीनंतर ते प्रांत कचेरीबाहेर अर्ज लिहून देतात. त्यांच्याकडे गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः बक्षीसपत्रात अट घातली नाहीत? तुम्ही?" मी खाली पाहिलं. ते म्हणाले, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली अर्ज टाकून ठेवा. मुलगा घराबाहेर काढण्याच्या तयारीत आहे, बक्षीसपत्र रद्द व्हावं. मी म्हटलं, अजून काढलेलं नाही. "काढल्यावर रस्त्यावरून अर्ज करणार का?" हेही खरंच. त्यांनी लिहिला, मी सही केली आणि कचेरीत देऊन पोच घेतली. ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो त्याला अर्जात 'गैरअर्जदार' असं लिहितात. तिथे चेतनचं पूर्ण नाव आहे. चेतन सीताराम शिरसाट. मी ते दोनदा वाचलं आणि पुढे बघायला नको वाटलं.

तुझे बाबा असते तर हे झालं नसतं. ते असते तर मला पहिल्याच दिवशी म्हणाले असते, अगं, त्याला विचार ना. त्यांना सगळं सोपं वाटायचं.

रात्री चेतनने खिचडी टाकली, कारण मी दमले होते असं त्याला वाटलं. मी दोन घास जास्तच खाल्ले. अशा वेळी घास अडकतो वगैरे म्हणतात, मला काही अडकला नाही. याचीच लाज वाटते.

ललिता सीताराम शिरसाट


जावक क्र. ५
२२ फेब्रुवारी

मैत्री,

हे पत्र कुठून सुरू करू कळत नाही. म्हणून जसं घडलं तसंच लिहिते.

काल संध्याकाळी घरातले सगळे दिवे पहिल्यांदा लावले. हॉल चांगला दिसतो, हे मान्य करायला हवं. उजेड आहे, पण कुठून येतो ते कळत नाही. फोटो इतके स्पष्ट मी कधी पाहिले नव्हते. माझ्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले तर पुस्तकावर नेमका उजेड. कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यातल्या साड्यासुद्धा वेगवेगळ्या दिसल्या. आणि ते तीन दिवे मंद करायचं एक गोल बटण, कॉटवरून हात पोचेल असं. मग मी माझा दिवा लावला. त्याचं बटण नाही, तो शेजारच्या दिव्याबरोबरच लागतो पण मंद होत नाही. आडवी झाले.

मैत्री, मला डोळा उघडता येईना. डिसेंबरमध्ये माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस. तेव्हापासून समोरून उजेड आला की सुई टोचल्यासारखं होतं. या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले, पदर घेतला. पांढरा दिवा तसाच पदरातून आत. दहा मिनिटांत डोकं धरलं. शेवटी उठून सगळेच दिवे बंद केले आणि अंधारात बसून राहिले.

तशी बसले होते तेव्हाच कळलं. उशीवर दिवा कोण लावतो? जो माणूस तिथे झोपणार नाही तोच.

सकाळी दशरथ उरलेलं सामान न्यायला आला. मी विचारलं, "हा नकाशा कोणी काढला रे?"

"ताईंनी की."

"सृष्टीने?"

"नाही हो काकू, बेंगळुरूच्या ताईंनी. व्हिडिओवर दाखवायचो त्यांना. मला तीनदा म्हणाल्या, बाकी कुठं इकडं-तिकडं झालं तर चालेल, पण आईच्या उशीवर दिवा नको, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणून तर त्या दिवशी मी चेतनदादांना फोन लावला. ते म्हणाले, आई म्हणतीय ना, पाड. नंतर बघू."

मी आत आले आणि गिरवलेला नकाशा पुन्हा काढला. त्यांच्या खोलीचे पाच गोल पाहिले. तिथेही पलंगाच्या डोक्याशी एकही नाही. कडेने आहेत, पायाशी आहेत. महिनाभर तो कागद माझ्या उशीखाली होता. मी गोल मोजले होते, बघितले नव्हते.

तर तू काढलास. गॅलरीतला फोनही तुझा. बेंगळुरूत बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि एकही शेळी चुकली नाही. रागावू का तुझ्यावर? रागावता येत नाही. तुम्ही दोघं माझ्यापासून लपवून बोलत होतात, कारण मीच तुझं नाव काढायची बंदी केली होती.

माझा कारभार मात्र साप साप म्हणून भुई धोपटण्याचा झाला. आणि ते धोपटणं सरकारी कागदावर आहे, पोच माझ्याकडे आहे. सोमवारी उघडताच कचेरीत जाऊन अर्ज परत घेते. चेतनला कळायच्या आत.

ललिता


जावक क्र. ६
६ मार्च

मैत्री,

परत मिळाला नाही. सोमवारी गेले तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, नोटीस निघाली. आता तारखेलाच येऊन सांगा." मी तिला म्हटलं, मी स्वतः खात्यात होते. ती म्हणाली, मग तुम्हाला माहीतच असेल. बरोबर आहे तिचं. माझ्या खिडकीवर मीही असंच म्हणायचे.

चार दिवस जिन्यात पाऊल वाजलं की मी आधी दार उघडत होते. पाचव्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा मी दूध आणायला गेले होते. सुट्टी नव्हती, पण चेतन घरून काम करत होता. त्यानेच सही करून नोटीस घेतली.

मी आले तेव्हा तो हॉलमध्ये उभा होता. कागद टेबलावर, घडी नीट घातलेली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मलाही चार शब्द बोलता आले असते. तो म्हणाला, "आई, यात लिहिलंय की मी तुला घराबाहेर काढायच्या तयारीत आहे."

मी दुधाची पिशवी टेबलावर ठेवली.

"तुला खरंच असं वाटलं?"

मी नकाशाचं सांगितलं. कॉटवर दिवा नव्हता म्हणून, असं म्हणाले. मोठ्याने बोलल्यावर ते किती वेड्यासारखं वाटलं ते तुला काय सांगू. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "मला विचारायचं होतंस ना."

एवढंच. सृष्टी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने नोटीस वाचली आणि परत आत गेली. तिचे डोळे लाल होते. तिला मी कधी बोलून दाखवलं नाही, पण माझा जास्त संशय तिच्यावरच होता. हेही तुला सांगून टाकते, कारण तिला सांगायची हिंमत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी चेतनने स्टुलावर चढून माझ्या कॉटवरचा दिवा काढला आणि भोकाला पांढरी चकती लावली. मी खाली स्टूल धरून उभी होते.

ललिता


जावक क्र. ७
२४ मार्च

मैत्री,

आता शेवटचं, आणि हे झालं की पाकीट चिकटवते.

अठरा तारखेला सुनावणी झाली. प्रांत कचेरीत चेतन माझ्या शेजारी बसला होता. गाडीतून मला त्यानेच नेलं, पाण्याची बाटली त्यानेच घेतली होती. प्रांताधिकारी बाईसाहेबांनी विचारलं, अर्जदाराचं म्हणणं काय? मी म्हटलं, माझा गैरसमज होता, अर्ज मागे घेते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाच्या दबावाखाली मागे घेताय का?" विचारणं त्यांचं कामच आहे. पण चेतनने मान खाली घातली. त्या खोलीत वीस माणसं होती आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. मी नाही म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. त्यांनी लिहिलं, अर्जदाराने अर्ज मागे घेतला, प्रकरण निकाली. पण प्रकरण निकाली निघालं तरी नोंद राहते. आवक रजिस्टरला माझ्या मुलाचं नाव गैरअर्जदार म्हणून राहणार, आणि ते मी घातलेलं आहे.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझा राहण्याचा हक्क आता लिहून नोंदवून टाकू. मसुदा तू सांग, तुला चांगला येतो." टोमणा नव्हता तो. मी टोमण्यात आयुष्य काढलं, मला कळतं. मी म्हटलं, चेतन, आता गरज नाही रे. तो म्हणाला, "तुला नसेल. मला आहे."

एकवीस तारखेला नोंदणी झाली. माझ्याच जुन्या कार्यालयात, आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर आहे. कॅमेऱ्यापुढे बसले, अंगठा दिला. तहहयात राहण्याचा हक्क. तू सांगितलं होतंस तेच, तीन वर्षांनी. कागद एकदम पक्का झाला आहे, कोणी बोट ठेवू शकणार नाही.

आणि आता ते, जे दुसऱ्या पत्रात लिहायचं टाळलं. तू हक्क लिहून घे म्हणालीस तेव्हा मी तुला म्हणाले होते, तुला हिस्सा हवा आहे म्हणून तू भावाबद्दल वाईट बोलतेस. लोक म्हणतात रागाच्या भरात निघून गेलं. माझं तसं नव्हतं. मी दोन दिवस विचार करून ते बोलले होते. आधी तुझ्यावर संशय घेतला, मग त्याच्यावर. तुम्हा दोघांपैकी एकानेही कधी कारण दिलं नव्हतं. माझं चुकलं, मैत्री. दोन्ही वेळेला माझंच चुकलं.

घरात सगळं ठीक आहे. कोणी अबोला धरलेला नाही. चहा वेळेवर मिळतो, सृष्टी थेंब आठवणीने घालते. फक्त एक झालं आहे. चेतन लहानपणापासून माझ्या खोलीत धाडकन यायचा. चार्जर शोधायला, डबा विचारायला, काही नसलं तर कॉटवर आडवा होऊन मोबाइल बघायला. मी ओरडायचे, चादर चुरगळतोस म्हणून. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. मला वाटलं कोणी बाहेरचं आहे. तो दारात उभा होता. म्हणाला, "आई, आत येऊ का?"

मी ये म्हटलं. त्याने चार्जर घेतला, दिवा मंद करू का विचारलं आणि गेला. आता तो रोज विचारतो.

तू इकडे ये. सुट्टी काढून ये, नाही तर आठवड्याच्या शेवटी ये, कशीही ये. मी दार लोटून ठेवते. माझ्या खोलीशी आलीस की थांबू नकोस, विचारू नकोस, सरळ आत ये.

आई